खांदा धरला म्हणजे हाड सरकलं असं नाही

पाठीवरचा फवारणी पंप भरला की पंधरा-सोळा किलोंच्या पुढे जातो आणि सगळा भार खांद्यांवरच्या दोन पट्ट्यांवर येतो. पुढे कापसाची वेचणी, मग डोक्यावरचं गाठोडं. यवतमाळच्या शिवारात खांद्याला उसंत कमीच. तो दुखू लागला की घरोघरी निदान ठरलेलं: 'हाड सरकलं, बसवून आणा.'

खांदा निखळतो तेव्हा ते लपत नाही. पडल्यावर किंवा जोराचा हिसका बसल्यावर खांद्याचा आकार बदलतो, हात हलत नाही. तेव्हा ओढाताण न करता थेट दवाखाना गाठायचा. हळूहळू वाढलेलं दुखणं बहुतेक वेळा खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या दोऱ्यांचं, म्हणजे कंडरांचं असतं. काही वेळा मूळ मानेत असतं. अशा दुखण्यात बसवण्यासारखं हाडच नसतं.

'साखरेचा खांद्याशी काय संबंध?' हा समज मला सर्वांत घातक वाटतो. वेणी घालता येत नाही, पाठीमागे हात जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. कोपर अंगाला टेकवून दुसऱ्या कुणी पंजा हलकेच बाहेर वळवून पाहिला, तरी तो वळत नाही. हा आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीत तो जास्त दिसतो आणि मधुमेह असणाऱ्यांत त्याचं प्रमाण बरंच अधिक असतं. एक्स-रे बहुधा साफ येतो, म्हणून घरचे 'काही नाही' म्हणतात. दुखणं मात्र खरं असतं आणि सुटायला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. अशा खांद्यासाठी रक्तातली साखर तपासून घेणं हा उपचाराचाच भाग आहे.

मग ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू हाताळून केलेला उपचार? अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये ही पद्धत मांडली. तिथे तिचे पदवीधर औषध आणि शस्त्रक्रियेचे पूर्ण अधिकार असलेले डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे आयुषच्या पद्धतींत ती नाही, म्हणून समोरच्याचं शिक्षण किती, कुठलं, हे बेधडक विचारावं.

'कट' आवाज आला म्हणजे उपचार लागला, हाही भ्रम. चांगला ऑस्टिओपॅथ मान, खांद्याचं पातं, बरगड्या, पाठीचा वरचा भाग तपासतो. मग कुशीवर निजवून हात सावकाश, झेपेल तितकाच फिरवतो. त्याने वेदना आणि ताठरपणा कमी व्हायला मदत होऊ शकते. फाटलेली कंडरा मात्र हाताने दाबून जुळत नाही, आणि खांद्याबाबतचा शास्त्रीय पुरावा अजून तोकडा आहे. रोजच्या व्यायामाला हा उपचार पर्याय नाही.

महिनाभर हात गळ्यात अडकवून ठेवणं तर नकोच. त्याने सांधा आणखी आखडतो. बऱ्या हाताने खाटेचा आधार घेऊन वाकावं, दुखरा हात सैल सोडून हलकेच झुलवावा.

छातीत दाब, घाम, धाप यांसोबत खांदा किंवा हात दुखला तर मालिश करत बसू नये. तो हृदयविकार असू शकतो. ताप, घटणारं वजन किंवा पडल्यावर हात उचलता न येणं, यांतलं काही असेल तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावं. आणि खांदा दुखत असेल तर फवारणीला पंप अर्धाच भरावा, दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे ठेवावेत.