किती काढायचे? जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि तिच्या चाचण्या

जठराचा कर्करोग फार काळ जठरापुरता राहत नाही. आतल्या अस्तरात सुरू झालेली गाठ भिंतीचे थर पोखरत बाहेर येते आणि तिच्या पेशी लसिकावाहिन्यांतून आसपासच्या लसिका ग्रंथींत उतरतात. वाटाण्याहूनही लहान अशा या ग्रंथी चरबीत दडलेल्या असतात. पहिला वेढा जठराला लागून असतो, दुसरा जठराला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या मुळांशी, स्वादुपिंडाच्या वरच्या कडेला. जठराबरोबर पहिलाच वेढा काढला तर ती ‘डी-१’ शस्त्रक्रिया, दुसराही काढला तर ‘डी-२’. यांतली कोणती करावी, यावर जपान आणि युरोपचे सर्जन कित्येक वर्षे भांडत होते.

आरंभी प्रश्न इतका बारीक नव्हताच. पॅरिसमध्ये पेआँ यांनी १८७९ मध्ये आणि पाठोपाठ १८८० मध्ये पोलिश सर्जन रिडिगिअर यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग कापून काढला. दोघांचेही रुग्ण दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचे खालचे तोंड गाठीसकट काढले आणि उरलेले जठर लहान आतड्याच्या सुरुवातीला जोडले. त्यांच्या साहाय्यकांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून हा जोड टिकतो, हे पाहून ठेवले होते. रुग्ण शस्त्रक्रियेतून बरी झाली, पण रोग उलटून सुमारे चार महिन्यांनी गेली. तरीही वैद्यकाच्या इतिहासात ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हणूनच नोंदली गेली, आणि त्या काळाच्या मानाने ते योग्यच होते. रुग्ण टेबलावरून जिवंत उठतो का, हाच तेव्हाचा प्रश्न होता.

मागे काय राहिले, याचा काटेकोर हिशोब मांडला तो जपानने. तिथे हा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. १९६२ मध्ये जठर-कर्करोगाच्या अभ्यासासाठी देशव्यापी संशोधन संस्था उभी राहिली आणि तिने नोंदींची नियमावली घालून दिली. जठराभोवतीच्या ग्रंथींच्या प्रत्येक गटाला क्रमांक मिळाला. शस्त्रक्रिया आटोपली की सर्जन काढलेले जठर ताटलीत पसरतात, चरबी चाचपून एकेक ग्रंथी वेगळी करतात आणि गटाच्या क्रमांकानुसार तपासणीला पाठवतात. हे काम वेळखाऊ आणि कंटाळवाणे आहे, पण जपानी आकडेवारीचा पाया त्यातच आहे. डी-२ तिथे नित्याची झाली आणि जपानी रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा जास्त जगतात, असे आकडे सांगू लागले.

या आकड्यांत एक मेख होती. ग्रंथी जितक्या जास्त काढून तपासाव्या, तितका लपलेला प्रसार जास्त सापडतो. ज्याच्या चारच ग्रंथी तपासल्या आणि त्या निर्दोष निघाल्या, तो रुग्ण पहिल्या टप्प्यात गणला जातो. त्याच्याच तीस ग्रंथी तपासल्या आणि दोनांत रोग आढळला, तर तो पुढच्या टप्प्यात ढकलला जातो. त्यामुळे पहिल्या टप्प्यात फक्त खरोखर निरोगी ग्रंथींचे रुग्ण उरतात आणि पुढच्या टप्प्यात तुलनेने सौम्य रोगाचे रुग्ण येऊन मिळतात. दोन्ही टप्प्यांचे आकडे सुधारतात, आयुष्य मात्र कोणाचेही एका दिवसाने वाढलेले नसते. शिवाय जपानमध्ये सामूहिक तपासणीमुळे रोग लवकर सापडत होता. दोन देशांचे तक्ते शेजारी ठेवून निकाल लावता येणार नव्हता. एकाच देशातील रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटणे भाग होते.

ते काम नेदरलँड्सने केले. १९८९ ते १९९३ या काळात ८० रुग्णालयांनी भाग घेतला. डच सर्जनना डी-२ शिकवण्यासाठी टोकियोहून मित्सुरू सासाको येऊन राहिले. रोग समूळ काढण्याच्या उद्देशाने शस्त्रक्रिया झालेल्या ७११ रुग्णांपैकी ३८० जणांची डी-१ झाली, ३३१ जणांची डी-२. निकाल डी-२ च्या पुरस्कर्त्यांना हादरवणारा होता. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू डी-१ मध्ये ४ टक्के, तर डी-२ मध्ये १० टक्के. गुंतागुंत २५ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण मात्र ४५ आणि ४७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. ब्रिटनमधील ४०० रुग्णांच्या चाचणीनेही तेच सांगितले : मृत्यू दुप्पट, फायदा शून्य.

दोष कशाचा होता? त्या काळी संपूर्ण जठर काढणाऱ्या डी-२ मध्ये प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपटाकडचे टोकही काढत. स्वादुपिंड कापले की त्याचा पाचकरस पोटात झिरपतो, गळू होते, जोड सुटतो. दुसरे कारण साध्या भागाकारातून दिसते. ३३१ डी-२ शस्त्रक्रिया ८० रुग्णालयांत वाटल्या, तर एकेकाच्या वाट्याला साऱ्या चाचणीत सरासरी चारच येतात. टेबलापाशी प्रशिक्षित मार्गदर्शक उभा असला, तरी सहाव्या दिवशी जोड गळू लागल्याचे ओळखायचे असते ते वॉर्डातल्या माणसांना. गोळीच्या चाचणीत गोळी सगळीकडे सारखीच असते, शस्त्रक्रियेच्या चाचणीत हात बदलला की औषधच बदलते.

या रुग्णांचा पाठपुरावा थांबला नाही, हे डच संशोधकांचे मोठेपण. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जठराच्या कर्करोगानेच मृत्यू आलेल्यांचे प्रमाण डी-१ गटात ४८ टक्के होते, डी-२ गटात ३७. त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण २२ टक्क्यांवरून १२ वर आले होते. एकूण हयातीतला फरक, २१ विरुद्ध २९ टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तरीही डच गटाने डी-२ चीच शिफारस केली, मात्र प्लीहा राखून.

जपानी सर्जननी आपल्या परंपरेलाही तीच कसोटी लावली. महाधमनीलगतच्या ग्रंथीही काढल्या तर काय होते, हे २४ रुग्णालयांतील ५२३ रुग्णांवर तपासले गेले. पाच वर्षांची हयात नुसत्या डी-२ मध्ये ६९.२ टक्के, वाढीव शस्त्रक्रियेत ७०.३. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. पुढे प्लीहा काढण्याचाही लाभ दिसला नाही. त्यामुळे ‘जास्त काढले की जास्त बरे’ हा युक्तिवाद डी-२ शी येऊन थांबला.

पुढची मजल औषधांनी मारली. २००६ च्या ब्रिटिश चाचणीत ५०३ रुग्ण होते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमोथेरपी दिल्यावर पाच वर्षांची हयात २३ वरून ३६ टक्क्यांवर गेली. सगळी चक्रे पूर्ण करू शकले ते निम्म्याहून कमी रुग्ण, कारण जठर गमावलेल्या माणसाला धड जेवणही जात नाही. आधीची चक्रे म्हणूनच मोलाची. भारतात मिझोरममध्ये हा कर्करोग सर्वाधिक आढळतो. देशातले बरेच रुग्ण रोग वाढल्यावरच डॉक्टरांकडे पोहोचतात. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रांत आधी केमोथेरपी आणि मग डी-२ हा क्रम रुळला आहे.

दुर्बिणीतून केलेली डी-२ उघड्या शस्त्रक्रियेइतकी चांगली ठरते का, हे कोरियाने १,०५० रुग्णांवर तपासले. तीन वर्षांत रोग न उलटलेले रुग्ण दुर्बिणीच्या गटात ८०.३ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत ८१.३ टक्के. मात्र रुग्णांची नोंदणी होण्याआधी परीक्षा झाली ती सर्जनचीच. त्यांच्या शस्त्रक्रियांच्या काटछाट न केलेल्या चित्रफिती परीक्षकांनी पाहिल्या आणि जे उत्तीर्ण झाले, त्यांनाच चाचणीत घेतले गेले.