मजुरी रोजाची, काम गुत्त्याचं

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की धाराशिव जिल्हा सुरू होतो, तिथं तामलवाडी लागते. कोजागरीला सोलापूरहून भवानीच्या दर्शनाला पायी निघालेली माणसं याच रस्त्यानं जातात. एरवी सकाळी हा रस्ता मजुरांचा असतो. दुचाकीवर डबा अडकवून सोलापूरला जाणारे गवंडी आणि हमाल, कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघालेली कंत्राटी पोरं, टमटममध्ये दाटीवाटीनं बसून द्राक्षबागेत किंवा खुरपणीला चाललेल्या बायका. त्यांना ‘रोज किती?’ असं विचारलं, तर सरळ आकडा क्वचितच मिळतो. उत्तराआधी प्रतिप्रश्न येतो: ‘रोजानं का गुत्त्यानं?’ म्हणजे दिवसाच्या हिशेबानं, की ठरलेल्या कामाच्या ठोक रकमेवर?

किमान वेतनाच्या कायद्याचं मजुरावर काय होतं, हे समजून घ्यायचं तर या प्रतिप्रश्नापासून सुरुवात करावी लागते. कायदा मोजतो दिवस. गावात मोजला जातो एकर, टन, क्विंटल, ब्रास.

कायदा जुना आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ मध्ये कायदा झाला. पोट भरायला किती लागतं याचं मोजमाप १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं: कमावत्याचं कुटुंब तीन माणसांच्या खाण्याइतकं धरायचं, माणशी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडं आणि इंधन. पुढं सर्वोच्च न्यायालयानं मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. हिशेब माणुसकीचा होता. पण तो दिवसाचा होता.

वेतन सक्तीनं वाढवलं की काम घटतं, ही भीती अर्थशास्त्राइतकीच जुनी. तिला मोठा धक्का अमेरिकेत बसला. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची खाद्यगृहं तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यावर वाद खूप झाले, अजूनही होतात; कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं. नोकऱ्या न घटण्यामागचा एक तर्क तामलवाडीत सहज पटेल. आसपास काम देणारे मोजके असले आणि मजुराला दुसरीकडं जाणं परवडत नसलं, तर मजुरी त्याच्या कामाच्या मोलापेक्षा खालीच राहते. अशा ठिकाणी कायद्यानं ती वर ढकलली तरी मालकाला माणूस परवडतो, कारण आधी तो स्वस्तातच मिळत होता.

पण न्यू जर्सीच्या पोराला तासाचा पगार मिळतो. आपल्याकडचा पडताळा घ्यायचा तर रोजगार हमीकडं जावं लागेल. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७२ च्या दुष्काळात पाय रोवलेली ही योजना १९७७ च्या कायद्यानं हक्क बनली. ‘मागेल त्याला काम’ हे तिचं ब्रीद. मजुरी मापावर असायची: किती माती खणली, किती खडी फोडली. दर असे बांधलेले की साधारण माणसानं सात तास नेटानं काम केलं तर शेतमजुराचं किमान वेतन हातात पडावं. कायद्याचा दिवस आणि कामाचं माप एकमेकांना बांधणारा इतका साधा हिशेब नंतर क्वचितच कुणी केला.

१९८८ मध्ये राज्यातलं शेतमजुराचं किमान वेतन दुप्पट झालं, तशी रोहयोची मजुरीही दुप्पट झाली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी त्यानंतरचे आकडे तपासले. कामावरची हजेरी घटली होती. मजुरांना काम नको झालं होतं असं नव्हे. तिजोरी त्या दरानं पुरेशी कामं काढत नव्हती. कागदावर हमी शाबूत राहिली आणि प्रत्यक्षात कामाचं रेशनिंग सुरू झालं. किमान वेतनाचे विरोधक हे उदाहरण आवडीनं देतात. माझा निष्कर्ष वेगळा आहे. दर वाढवणाऱ्या सरकारनं त्यासाठी लागणारा पैसा ठेवला नाही, तर तोटा मजुराचा होतो. दोष मात्र दराच्या माथी मारला जातो. केंद्रानं पुढं मनरेगात हा पेच दुसऱ्या टोकानं सोडवला, म्हणजे मजुरी किमान वेतनापासून सोडवूनच घेतली. महाराष्ट्रासाठी तो दर २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ३१२.

हा ३१२ चा आकडा हाताशी धरून गावातले दोन हिशेब करून पाहू.

पहिला सालगड्याचा. गुढीपाडव्याला साल ठरतं. समजा सव्वा लाख ठरलं, त्यातली मोठी रक्कम उचल म्हणून आधीच गेली. सव्वा लाखाला ३६५ नं भागलं की दिवसाला ३४२ रुपये येतात. मनरेगाच्या दरापेक्षा वर वाटतात. पण त्या दिवसाला सुरुवात आणि शेवट नाही. पहाटे धारा, दिवसभर शेत, आणि वीज रात्री येणार असेल तर रात्री मोटार चालू करून पाण्यामागं उभं राहायचं. आठ तासांना ३१२ म्हणजे तासाला ३९ रुपये. बारा तास धरले तर ४६८ होतात. जादा तासांना दुप्पट दर हा कायद्याचा नियम मी अजून लावलेलाही नाही.

दुसरा ऊसतोडीचा. बीडचं नाव आधी येतं, पण धाराशिवमधूनही कोयते जातात. इथं दर सरकार ठरवत नाही. साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात बोलणी होतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाले. बातमी ऐकायला भरघोस. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि जोडीनं दिवसात दोन टन तोडले असं धरलं तर ७३२ रुपये दोघांत, म्हणजे माणशी ३६६. त्यासाठी बारा तास गेले तर तासाला साडेतीस. शिवाय बाईच्या नावावर स्वतंत्र मजुरी नाहीच. हिशेब कोयत्याचा, उचल नवऱ्याची, अंगठा त्याचा.

म्हणून ‘किमान वेतन वाढलं, मजुरांची चांदी झाली’ असं कुणी म्हटलं की मी आधी माप विचारतो. रोज वाढला की मालक रोजाचं काम गुत्त्यावर नेऊ शकतो. गुत्त्यात मजूर अंधार पडेपर्यंत राबतो, घरची पोरं मदतीला आणतो, आणि एकराला मिळालेली रक्कम दिवसभराची म्हणून समाधान मानतो. हे नेहमी वाईटच असतं असं नाही, हेही सांगायला हवं. ऐन सोयाबीन काढणीत, परतीचा पाऊस डोक्यावर असताना, मजुरांची टोळी अडून बसते आणि गुत्त्याचा दर किमान वेतनाच्या खूप वर जातो. तेव्हा कायद्याची गरज कुणालाच नसते. ती लागते उन्हाळ्यात, काम नसताना. आणि टोळीत कुणी न घेतलेल्या साठीच्या बाईला.

आता शेतकऱ्याची बाजू. तामलवाडीच्या परिसरातला बहुतेक ‘मालक’ दोन-चार एकरांचा धनी, वेळ पडली तर स्वतःच दुसऱ्याच्या बागेत जाणारा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात बाजारात माल बराच काळ त्याखाली विकला गेला. ‘माझा किमान भाव कोण देतो?’ हा त्याचा सवाल बिनतोड आहे. मजुरी परवडेना म्हणून तो तणनाशक मारतो आणि खुरपणीचे दिवस जातात. काढणीला हार्वेस्टर आणतो आणि तेही दिवस जातात. यातली झळ सगळ्यात आधी बायकांना बसते, कारण खुरपणी त्यांचीच होती. मात्र ही मजुरी कायद्यानं वाढलेली नाही. सोलापूरचं बांधकाम, पुण्याची गाडी आणि रस्त्यालगतचे कारखाने यांनी ती वाढवली. खुरपणीच्या बांधावर मजुरी तपासायला आलेला सरकारी निरीक्षक मी तरी पाहिलेला नाही.

कारखान्यांची गोष्ट निराळी. तिथं हजेरी आहे, पाळी आहे, बँकेत पगार आहे, म्हणून कायद्याला पकडायला जागा आहे. पळवाटही तिथंच आहे: कंत्राटदार बदलत राहायचा, जुनी नोकरी दरवेळी नवी करायची, खात्यावर पूर्ण पगार टाकून काही रक्कम रोखीनं परत घ्यायची. कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, पण ती गेटबाहेर उभ्या पोरांपैकी किती जणांना ठाऊक असते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. आधीचा कायदा अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांपुरता होता, आता किमान वेतन सगळ्याच कामगारांना आहे. केंद्र तळाचा दर ठरवणार, राज्यांना त्याखाली जाता येणार नाही. आणि गुत्त्याबद्दल एक कलम, जे १९४८ च्या कायद्यातही होतं आणि ज्याचा उच्चार फार कमी होतो: नगावर काम करणाऱ्यासाठी नगाचा किमान दर ठरलेला नसेल, तर त्याला निदान वेळेचं किमान वेतन मिळालंच पाहिजे. त्या कलमात जीव आणायचा तर राज्यानं रोहयोचा जुना धडा गिरवावा. दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्याचं परिपत्रक निघतं. त्याला एक तक्ता जोडावा. सोयाबीनचा एकर, उसाचा टन, द्राक्षाच्या विरळणीची ओळ, प्रत्येकाला साधारण माणसाचे किती तास लागतात आणि म्हणून किमान किती रुपये. हे तास मोजायला कृषी विद्यापीठं आहेत, माणसंही आहेत.

तोवर मजूर वाचकांसाठी एवढंच: कमी मजुरीबद्दल दावा करायची मुदत पूर्वी सहा महिने होती, नव्या संहितेत ती तीन वर्षं आहे, आणि वेतन दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. मुकादमानं दिलेली चिठ्ठी, हजेरीचा फोटो, खात्यावर पैसे जमा झाल्याचा मेसेज यांतलं काहीही फेकू नका. गुत्तं घेतलं असेल तर किती माणसं, किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, तेही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.