शाळा पुन्हा भरताना

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या व अध्यापन मोबाइलवर आले. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील डोंगराळ भागातल्या अनेक वाड्यांत रेंजच नव्हती. त्यातच ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड तालुक्यांतील वीजही खंडित केली.

जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडण्यास शासनाने अनुमती दिली. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती, एका बाकावर एक विद्यार्थी, असे दंडक घालण्यात आले.

वर्गखोल्या एका दिवसात निर्जंतुक होतात. बुडालेला अभ्यास तसा भरून निघत नाही. त्यासाठीच ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखण्यात आला. मात्र जो विद्यार्थी परतलाच नाही, त्याच्या घरी जाऊन चौकशी करणे, हे शाळेइतकेच ग्रामपंचायतीचेही कर्तव्य ठरते.