कोंबडा, कोंबडी आणि शेजार

मागच्या वेळी हक्क या विषयावर बोलत होतो, तेव्हा एका श्रोत्याने विचारलं, “सर, माझ्या जागेत मी कोंबड्या पाळल्या तर शेजाऱ्याचं काय जातं?” सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

जागा माझी, हे खरं. पण आवाज, वास आणि माश्या यांना सातबारा कळत नाही. कुंपणाच्या आत सुरू झालेली गोष्ट बाहेर जाते, तिथे नियम लागतो. तो दोन प्रकारे करता येतो. ‘वस्तीत कोंबड्या नकोत’ असं एका ओळीत सांगून मोकळं व्हायचं, हा एक प्रकार. दुसरा जरा कष्टाचा आहे: त्रास नेमका कशाचा, हे आधी वेगळं काढायचं.

अमेरिकेतली दोन शहरं बघा. मॅडिसनने २००४ साली परसात ४ कोंबड्या पाळायला मुभा दिली. सिएटलने २०१० साली ही मर्यादा ८ पक्ष्यांपर्यंत नेली, पण त्याच वेळी नव्याने कोंबडा ठेवायला बंदी केली. शिवाय खुराडं शेजाऱ्याच्या राहत्या घरापासून किमान १० फूट लांब हवं.

यातलं तर्कशास्त्र समजून घ्या. कोंबडीला अंडी घालायला कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्लांसाठी. म्हणजे कोंबडा वजा केला तरी घरची अंडी राहतात, आणि तांबडं फुटायच्या आधीचं आरवणं तेवढं जातं. संख्येची मर्यादा कशासाठी? छोट्या परसात चार-आठ पक्ष्यांची विष्ठा रोजच्या रोज काढता येते, पन्नासांची नाही. अंतर कशासाठी? वास, माश्या आणि सांडलेल्या दाण्यामागे येणारे उंदीर यांच्यासाठी. रोगाचाही विचार हवाच. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या पोल्ट्रीबरोबर घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या.

आता उलट बाजू. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले. २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. २०२१ मध्ये तर ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा तिथला वारसा आहे, असा कायदाच झाला. म्हणजे आरवणं तेच, पण दाट वस्तीत तो उपद्रव आणि खेड्यात वारसा. नियम वस्तीचा स्वभाव बघून करावा लागतो, तो असा.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी मी रात्री जागून प्रबंध लिहीत असे. मागच्या घरातल्या मावशींचा कोंबडा पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. मी वैतागून अर्ज दिला. लिहायचं होतं ‘कोंबड्याचा त्रास’, लिहिलं ‘कोंबड्यांचा त्रास’. एक अनुस्वार! पण नोटीस आली ती सगळेच पक्षी हलवण्याची. मावशींनी आठवड्याभरात सहाही कोंबड्या विकल्या. त्या अंड्यांवर त्यांच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघत होता, हे मला नंतर कळलं. तोवर मी त्यांच्याशी एकदाही बोललो नव्हतो. तर्कशास्त्र शिकवणारा माणूस मी, आणि कोंबडा कोणता, कोंबड्या कोणत्या, एवढंही वेगळं काढलं नाही.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांना सांगतो. आधी आपल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा सोसायटीत काय चालतं ते लेखी विचारा. कोंबड्या आणायच्या आधी शेजारी जाऊन या. आणि शेजारी तुम्हीच असाल, तर अर्ज लिहिण्याआधी एकदा त्यांचं दार वाजवा. मी वाजवलं असतं, तर कदाचित एकटा कोंबडा गेला असता.

आज इथेच थांबतो.