रविवारची घंटा आणि रिकामे बाक

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, संगमनेर या बाजूला फिरलेल्या माणसाने एक गोष्ट पाहिलेली असते. वेशीत मारुती, पलीकडे बुद्धविहार आणि गावाच्या एका कडेला दगडी किंवा पत्र्याचे लहानसे चर्च. पुष्कळ ठिकाणी तिथे खरी घंटाही नसते. रेल्वेच्या रुळाचा तुकडा लिंबाला टांगलेला असतो आणि रविवारी सकाळी कोणीतरी लोखंडी कांबीने तो वाजवतो. गावाला त्या आवाजाची इतकी सवय असते की, त्यावर गुरे सोडायची वेळ ठरते. आत काय चालते हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आज त्याविषयी लिहावयाचे आहे.

लिहिणारा मी शेतीखात्यातला विस्तार अधिकारी. बी-बियाणे, खते, बोंडअळी हा माझा रोजचा विषय. पण जन्म ख्रिस्ती घरातला, आजा मिशनच्या शाळेत मास्तर, तेव्हा घरची गोष्ट म्हणून चार शब्द बोलायला हरकत नसावी.

तक्रार सगळीकडे एकच ऐकू येते. घंटा वाजते, पण बाक रिकामे. पुढच्या रांगेत चार म्हाताऱ्या, मागे दोन-तीन पेन्शनर, पाळकसाहेबांच्या घरची माणसे, संपले. नाताळला आणि उत्तम शुक्रवारी गर्दी होते, लग्नाला होते, मयताला होते. एरवी तरुण मुले मोटारसायकलवर चर्चसमोरून निघून जातात. म्हातारी माणसे म्हणतात, मोबाईलने पोरे बिघडवली. मला हे पटत नाही. मोबाईल सर्वांच्याच हातात आहे. पंढरीच्या वारीला जाणाऱ्यांच्याही आहे. एका मुलाला मी सरळ विचारले, तर तो म्हणाला, "काका, येऊन करायचं काय? तिथं देवापेक्षा कमिटीचंच जास्त चालतं." हे उत्तर उद्धटपणाचे म्हणून सोडून देता येत नाही. त्याची मुळे खोल आहेत.

मायबाप मिशन

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू झाले. पण खेडोपाडी ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या पुढे, विशेषतः १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर. येणारे बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ऐकला. त्यांनी तो कधी फारसा नाकारलाही नाही. भूक लागली होती हे खरेच होते. पण ज्याला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, शाळेच्या ओट्यावर बसता येत नव्हते, त्याला एका खोलीत सर्वांबरोबर चटईवर बसायला मिळाले आणि हातात पुस्तक मिळाले. ती भूकही भूकच होती. दुष्काळ हटल्यावर सगळेच काही माघारी गेले नाहीत, याचा विचार टोमणा मारणाऱ्याने करावा.

उणीव दुसरीकडे होती. शाळामास्तर, उपदेशक, बायबलबाई या सर्वांचा पगार मिशनकडून येई. चर्चची कौले मिशनची, औषध मिशनचे, मुलीच्या लग्नाला उसने पैसेही साहेबाकडे मागायचे. शेतकरी ‘मायबाप सरकार’ म्हणतो, तसे आमच्याकडे ‘मायबाप मिशन’ झाले. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचे जे होते ते तुम्ही जाणता. मुळे वरच्या वीतभर थरात पसरतात, आवर्तन चुकले की पाने वळू लागतात.

हे ओळखणारा माणूस त्याच काळात नगरला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरच्या मिशनमध्ये काम केले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग त्याही ख्रिस्ती झाल्या. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. टिळकांनी परदेशी चालीच्या गीतांच्या जागी अभंग, ओवी, भजन आणले. कीर्तन चर्चमध्ये आणले. आजही रविवारी ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी त्यांचे नाव दिसते. पण चाली बदलून त्यांचे समाधान झाले नाही. परक्याच्या पगारावर आणि परक्याच्या हुकमतीखाली चाललेले धर्मकार्य या मातीत रुजणार नाही, असे त्यांचे मत होत गेले आणि १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी त्यांच्या मनात होती. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्ताचे भक्त एकत्र बसणार होते. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले आणि रोप वाढायच्या आत वाळले.

पंडिता रमाबाईंचेही असेच. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा तिथल्या धर्मभगिनींशी वाद झाला. एका पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने उतरवले, ते दुसऱ्याचे घालून घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढे दौंड तालुक्यात केडगावला त्यांनी दुष्काळातल्या मुली सांभाळल्या, विहिरी खणल्या, शेती केली आणि सगळे बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या त्या हे काम हातावेगळे करूनच.

या दोघांची नावे घेतली ती मोठेपणा मिरवण्यासाठी नाही. चर्चचा वीट आला म्हणजे श्रद्धा संपली असे जे आपल्याकडे धरून चालतात, त्यांच्यासाठी घेतली. ही दोन्ही माणसे चर्चच्या कारभाराला वैतागलेली होती आणि दोघांची भक्ती त्याच काळात वाढत होती.

साहेब गेले, सातबारा राहिला

स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परत गेले, पैसा आटला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातल्या सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. कल्पना चांगली होती. पण मागे राहिलेल्या जमिनी, बंगले, शाळा, दवाखाने यांचा मालक कोण, हा प्रश्न ठिकठिकाणी उभा राहिला. तालुक्याच्या गावी मिशन कंपाउंडच्या जागेला सोन्याचा भाव आला. मग ट्रस्ट, उलट ट्रस्ट, निवडणुका, स्थगिती, तारखा. एका गावी उपासनेच्या वेळी दोन गट दारात उभे आणि मधे पोलीस, असा रविवार मी पाहिला आहे. आत वचन चालले होते ते शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे. दारातली मुले ते ऐकत होती आणि हसत होती. त्यांचे हसणे मला त्या भांडणापेक्षा जास्त लागले.

जातीचेही सांगितले पाहिजे. आम्ही एका प्यालातून प्रभुभोजन घेतो, पण सोयरीक जुळवताना अजूनही पूर्वीची जात हळूच विचारली जाते आणि कमिटीच्या निवडणुकीत भावकी मोजली जाते. ज्या गोष्टीसाठी आज्याने गावाचा रोष पत्करला, ती गोष्ट नातवाला चर्चमध्येच अपुरी दिसते.

दोन नावांची माणसे

याहून अवघड गाठ कागदाची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण ती सवलत वेगळी आणि अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षणही त्यातून मिळत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात धर्माची अट काढावी असे सुचवले. २०२२ साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला.

आता गावात याचा अर्थ काय होतो तो पाहा. एकाच आज्याची तीन नातवंडे. एक घर हिंदू, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. तिघांची जमीन सारखीच मुरमाड, तिघांना गावाची वागणूक सारखी. दाखला मात्र दोघांना एक आणि तिसऱ्याला दुसरा. म्हणून पुष्कळ घरांत दोन नावे असतात. शाळेच्या दाखल्यावर एक, बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरे. रविवारी दानियेल, सोमवारी दत्तू. मुलगा नोकरीला लागला की बाप हळूच सांगतो, आता चर्चमध्ये फार दिसू नकोस. हा भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. ज्याच्या घरी एकच मुलगा शिकला आहे त्याने म्हणून दाखवावे. पण वर्षानुवर्षे लपवत राहिलेली श्रद्धा लपवणाऱ्यालाच परकी वाटू लागते, हेही मी जवळच्या घरांत पाहिले आहे.

तरीसुद्धा माणसे देव विसरली आहेत असे मला दिसत नाही. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते तेव्हा एकदा जाऊन पाहा. हरेगाव म्हणजे बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याचे गाव. यात्रा कॅथलिकांची, पण पायी येणाऱ्यांत सगळे असतात. लेकरू कडेवर घेतलेल्या बाया, नवस फेडणारे हिंदू, एरवी चर्चची पायरी न चढणारे आमचेच पोरगे. तिथे कोणी वर्गणीची पावती विचारीत नाही आणि कोणत्या गटाचा म्हणूनही विचारीत नाही.

दुसरी गर्दी असते ती नव्या प्रार्थनासभांना. भाड्याचा हॉल किंवा शेतातले पत्र्याचे शेड, ढोलकी, कीबोर्ड, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. जुने चर्चवाले यांना नावे ठेवतात. माझेही मन तिथे रमत नाही, आणि प्रार्थनेच्या भरवशावर साखरेच्या आजाराचे औषध बंद करा असे जो सांगेल त्याला तर गावात उभे करू नये. पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे. बाई दोन आठवडे दिसली नाही तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी तिच्या दारी जाते. आमच्या खात्यात जुनी माणसे सांगत, बांधावर जाल तर शेतकरी ऐकेल, ऑफिसात बोलवाल तर सही करून परत जाईल.

फादरांची अट

बांधाचे नाव निघाले म्हणून नगर जिल्ह्यातल्या आणखी एका माणसाचे सांगतो. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि २०२१ साली वारले. पाणलोटाचे काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे नाव माहीत आहे. १९९३ साली निघालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचे ते एक संस्थापक. पैसा मुख्यतः जर्मनीचा होता, पण कामाची अट गावावर होती. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ठरवायची, मग पुढचे बोलणे. कोणाचा धर्म कोणता हे विचारायचे नाही. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी अशीच हिरवी झाली.

मी सरकारी योजनेतले बांध फुटलेले पाहिले आहेत. फुटला की लोक म्हणतात, "साहेब, तुमचा बांध फुटला." जिथे माणसांनी स्वतः माती वाहिली तिथे पहिल्या पावसानंतर बायका घमेली घेऊन न सांगता जातात. आमच्या चर्चची कौले फुटली तेव्हाही आमची म्हातारी माणसे म्हणत, "मिशनची कौलं फुटली." टिळक १९१७ साली जे म्हणत होते ते हेच, फक्त त्यांनी ते बांधाच्या भाषेत सांगितले नाही.

मुळा पाटाखालच्या एका गावी अलीकडे वेगळा प्रयोग चालला आहे. तिथल्या मंडळीने कमिटीचा हिशेब दर महिन्याला दारातल्या फळ्यावर खडूने लिहायचे ठरवले. तो लिहिण्याचे काम दोन तरुण मुलींकडे दिले, कारण त्यांचे अक्षर चांगले आणि त्यांना कोणी दटावू शकत नाही. कापणीचा सण पुन्हा सुरू केला. जो तो आपल्या रानातले काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतो आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. मागच्या खेपेला एका आजीच्या डांगराच्या भोपळ्यावर दोन चुलतभावांची चुरस लागली. हे दोघे बांधावरून चार वर्षे बोलत नव्हते. भोपळा बाजारभावाच्या वीसपट गेला आणि ज्याने जिंकला त्याने तो कापून अर्धा दुसऱ्याच्या घरी पाठवला. त्या पैशांत नवे पत्रे आले. मोटारसायकलवाल्या पोरांपैकी सहा-सात जण पत्रे चढवायला होते.

यंदा कांद्याने मारले, म्हणून तिथली वर्गणी तीन महिने थकली आहे. फळ्यावर तेही लिहिले आहे, आणि कोणी पुसलेले नाही.