ओटा कापण्याआधी भिंत मोजा



शेताची मोजणी असली की आपण किती जागरूक असतो! साखळी जाऊन रोव्हर यंत्र आलं, तरी खुणेचा दगड कुठं पडतो ते आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. पण स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा करायचा म्हटलं, की दुकानदार टेप लावून चिटोऱ्यावर दोन आकडे लिहितो आणि आपण मान डोलावतो.

आमच्या घरी हेच झालं. चिऱ्याच्या भिंती, नऊ फुटांचा ओटा. कोपरा काटकोनातच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. दगड बसवायला आला तेव्हा एका टोकाला भिंतीला चिकटला, दुसऱ्या टोकाला इंचभर फट. फट सिमेंटने भरली. दोन महिन्यांत ते सुटलं, पाणी भिंतीत मुरलं, मुंग्या झाल्या. एकदा कापलेला दगड काही वाढत नाही.

यावर जुना उपाय म्हणजे पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा फर्मा. नवा उपाय म्हणजे डिजिटल माप. तिपाईवरच्या यंत्राचा लेसर ठिपका भिंतीवर थोड्या थोड्या अंतरावर टेकवत नेतात. प्रत्येक बिंदू संगणकात नोंदला जातो आणि भिंतीचा बाक, कोपऱ्याचा तिरकेपणा जसाच्या तसा नकाशात उतरतो. तीच फाइल संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्राला देता येते.

आपल्याकडच्या लहान दुकानदारांनी काय करावं? यंत्राची किंमत लाखांत जाते. ते चार-पाच दुकानांनी मिळून घ्यावं, किंवा गावातल्या शिकलेल्या मुलाने मापं घेण्याचाच धंदा करावा. संगणकी कटाई यंत्र नसलं तरी अडत नाही. नकाशा पूर्ण आकारात छापून त्यावरून फर्मा कापता येतो. कर्जाच्या योजनांची चौकशी अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

आणखी एक फायदा आहे. माप बरोबर असलं की घरात कोरडा ग्राइंडर चालवावा लागत नाही. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. सिलिकाचं प्रमाण फार जास्त असलेल्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदीच घातली. दुकानातही कटाई पाणी सोडूनच करावी.

मात्र यंत्र आलं म्हणून डोळे मिटू नका. यंत्र जे समोर आहे तेच मोजतं. गिलावा बाकी असताना घेतलेलं माप यंत्राचं असलं तरी चुकीचंच. म्हणून एवढं कराच :

1) गिलावा आणि ओट्याचा खालचा आधार पूर्ण झाल्यावरच माप द्या.

2) कोपरा स्वतः तपासा. एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट भरलं तर कोपरा काटकोनात.

3) सिंक आणि शेगडी आधी आणा, मग भोकांची मापं द्या.

4) माप कोणी घेतलं आणि चुकलं तर दगड कोण भरून देणार, ते पावतीवर लिहून घ्या.

ग्रामपंचायतींनीही शाळा-अंगणवाडीच्या ओट्याचं काम देताना ही चौथी अट घालावी. बांधाचा वाद तीन पिढ्या चालतो, ओट्याची फट रोज डोळ्यांसमोर राहते. दोन्हीचं मूळ एकच : माप घेताना आपण तिथं नव्हतो.