संशोधकाचे लंडन

मराठ्यांच्या किंवा मुंबई इलाख्याच्या इतिहासावर काम करणाऱ्याला कधी ना कधी लंडन गाठावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि १८५८ पासून तिच्या जागी आलेल्या इंडिया ऑफिसचे दप्तर तिथे आहे. १९८२ साली ते ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यात आले. सेंट पँक्रस स्टेशनाशेजारच्या लाल विटांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या वाचनकक्षात ते वाचायला मिळते. त्याच्या फळ्या एका रांगेत मांडल्या तर सुमारे १४ किलोमीटर भरतील. सुरतेच्या वखारीची पत्रे यातच आहेत. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ छापले, ते अशाच पत्रांच्या आधारे. सावरकरांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या १८५७ वरील ग्रंथासाठी इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात वाचन केले होते.

वाचकपत्र फुकट मिळते. त्यासाठी ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. तो निघतानाच सामानात असावा, कारण परदेशात बसून घरचे वीजबिल मागवणे हा भलताच उद्योग होतो. आत जाण्यापूर्वी कोट, पिशवी, पाण्याची बाटली सारे लॉकरमध्ये ठेवायचे. बरोबर न्यायची ती पारदर्शक पिशवीत: लॅपटॉप, वही आणि पेन्सिल. शाईचे पेन चालत नाही. जुन्या बांधणीचे खंड फोमच्या उशांवर उघडायचे आणि पाने वजनदार दोरीने दाबून धरायची. बहुतेक कागदांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढता येतात, फ्लॅश मात्र नको. या सवलतीमुळे अलीकडचे संशोधक लंडनात फोटो काढतात आणि वाचतात घरी आल्यावर. ही सवय सोयीची असली तरी घातक आहे. कोणता खंड पुढे मागवायचा हे हातातला खंड वाचल्याखेरीज कळत नाही.

वाचनातही खाचखळगे आहेत. सतराव्या शतकातील इंग्रज लेखनिकांचे वळण डोळ्यांत बसायला काही दिवस जातात. तारखांचा घोळ त्याहून मोठा. त्या काळी इंग्रजांचे पंचांग युरोपातील सुधारित पंचांगाच्या १० दिवस मागे होते आणि त्यांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे सुरतेच्या पहिल्या लुटीविषयी जानेवारी १६६४ मध्ये लिहिलेल्या पत्रावर १६६३ साल दिसू शकते. सूचीचाही भरवसा धरता येतोच असे नाही: ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्याने ग्रंथालयाची संगणकीय सूची बंद पडली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती मर्यादित स्वरूपात परतली.

राहण्याचा खर्च हीच लंडनची खरी अडचण. ब्लूम्सबरी हा विद्यापीठाचा भाग ग्रंथालयापासून चालत जाण्याजोगा, पण महाग. म्हणून अनेक जण लांबच्या उपनगरात खोली घेतात. लाल बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. बँकेचे कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड यंत्रावर टेकवायचे. दिवसभरात कितीही फिरले तरी भाडे ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. जेवणासाठी यूस्टन स्टेशनाजवळची ड्रमंड स्ट्रीट शाकाहाऱ्यांच्या कामाची. तिथे भेळपुरीपासून डोशापर्यंत सारे मिळते. मराठी माणसे भेटायची तर १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे.

शहर पाहायचे ते वाचनकक्ष मिटल्यावर. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारते, तेव्हा उरतात ती संग्रहालये. उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो. राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम दालनांना २००१ पासून प्रवेशशुल्क नाही, आणि संशोधकाच्या दृष्टीने ही लंडनची सर्वांत मोठी उदारता. ब्रिटिश म्युझियम एका फेरीत उरकायची जागा नव्हे. रोज अर्धा तास एकच दालन पाहावे, आणि आंध्रातील अमरावतीच्या शिल्पांपासून सुरुवात करावी. वाघनखांसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात पाठवली गेली. ती खुद्द शिवाजी महाराजांचीच असल्याचे सिद्ध करता येत नाही, असे संग्रहालयच म्हणते.

सुटीच्या दिवशी उत्तरेकडे निघावे. प्रिमरोझ हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड येथील घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचा अभ्यास त्या काळातला. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतले. आणखी वर, हायगेटला क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर जुने इंडिया हाउस आहे. सावरकरांच्या नावाची निळी पाटी असलेल्या त्या घरात आत शिरायला मिळत नाही, रस्त्यावरूनच पाहायचे. जवळच्या दफनभूमीत मार्क्सची समाधी आहे, तिथे मात्र तिकीट लागते.

क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारासाठी वेगळा दिवस राखावा. तिथे वाचकपत्र निराळे असते, आणि रविवार-सोमवार वाचनकक्ष बंद. क्यू गार्डन्स त्याच स्टेशनवर उतरून पाहता येते, पण दप्तर आणि बाग एकाच दिवसात गाठू पाहणाऱ्याचे दोन्ही अर्धवट राहते.